सही मुलाखतीनंतर घ्या : महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि स्मरणिका समित्या,
उत्तर अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळं

विषय : स्थलांतरितांच्या आठवणी, त्यांची संमती आणि प्रसिद्धी

स.न.वि.वि.

पत्र लांबलं आहे. "वाचलं असं समजू या" म्हणून सभेत पुढच्या विषयाकडे जाऊ नये, एवढी विनंती आधीच करून ठेवते.

गेल्या काही वर्षांत बऱ्याच मंडळांनी आधी आलेल्या पिढीच्या आठवणी गोळा करायला घेतल्या आहेत. कोणाचा सुवर्णमहोत्सव आहे, कोणाची अधिवेशनाची स्मरणिका, कोणाचं यूट्यूब चॅनेल. उशिरा का होईना, सुरुवात झाली हे चांगलं झालं. १९४६ नंतर जवळजवळ वीस वर्षं अमेरिकेने भारतीयांसाठी वर्षाला शंभर जणांचा कोटा ठेवला होता. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली, १९६८ च्या मध्यापासून तो पूर्णपणे लागू झाला, आणि मग आपले डॉक्टर, इंजिनिअर यायला लागले. तेव्हा पंचविशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे. टेलिफोन डिरेक्टरीत 'कर'ने संपणारं आडनाव शोधायचं आणि सरळ अनोळखी माणसाला फोन लावायचा, "तुम्ही मराठी का हो?" ही गोष्ट कुठल्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. ती माणसं आहेत तोवरच ती मिळणार.

मी न्यू जर्सीत राहते. अशा मुलाखती घेणं आणि रेकॉर्डिंग ऐकून ती कागदावर उतरवणं हे काम मी बरीच वर्षं हौसेने करते आहे, एकाहून अधिक मंडळांसाठी केलं आहे. तेव्हा हे पत्र बाहेरच्याने केलेली टीका समजू नका. माझं मागणं एकच आहे. संमतीच्या कागदावरची सही मुलाखतीच्या आधी घेऊ नका. मुलाखत होऊ दे, ती उतरवून सांगणाऱ्याच्या हातात पडू दे, त्याने ती वाचू दे किंवा त्याला कोणी वाचून दाखवू दे, आणि मग सही मागा.

सध्या काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. दोन उत्साही स्वयंसेवक घरी येतात. चहा होतो, चिवडा होतो. एक जण कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं करत असताना दुसरा एक इंग्रजी कागद पुढे करतो. "काका, ही नुसती फॉर्मॅलिटी." कागदावर लिहिलेलं असतं की हे चित्रीकरण जगात कुठेही, कुठल्याही माध्यमात, कायमस्वरूपी वापरण्याचा हक्क मंडळाकडे राहील. काका चष्मासुद्धा शोधत नाहीत. आपण पुढच्या दोन तासांत काय बोलून जाणार आहोत याचा त्यांनाच पत्ता नसतो, आणि त्या न बोललेल्या बोलण्याचे सगळे हक्क त्यांनी देऊन टाकलेले असतात. सर्वसाधारणपणे सांगणाऱ्याच्या शब्दांवरचा कॉपीराइट, तो लेखी देऊन टाकेपर्यंत, त्याचाच असतो. म्हणजे 'फॉर्मॅलिटी' म्हणून पुढे केलेला कागद हाच त्या दुपारचा सगळ्यात वजनदार कागद असतो.

एक प्रसंग सांगते. ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही. एका काकूंचं रेकॉर्डिंग उतरवायला माझ्याकडे आलं. काकू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाल सोलत बोलत होत्या; बिरड्याची तयारी चालली असावी, कारण मधूनमधून वाटीत दाणे पडल्याचा आवाज येत होता. पहिली थंडी, पहिलं बाळंतपण, सगळं रंगवून सांगून झालं. मग नवऱ्याची नोकरी गेल्याचं वर्ष आलं. काकू त्या वर्षी घरी लोकांची मुलं सांभाळत होत्या, पैसे रोख घेत होत्या, आणि ही गोष्ट त्यांनी सासरी तर नाहीच, सख्ख्या भावालाही कधी कळू दिली नव्हती. सांगता सांगता दाण्यांचा आवाज थांबला. "हे आपलं तुला सांगितलं हं. तेवढं काढून टाक." मुलाखत घेणारा म्हणाला, "हो काकू, अर्थात." उतरवताना मी त्या जागी लाल अक्षरात खूण करून ठेवली.

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात जी चित्रफीत दाखवली तिच्यात नेमका तोच भाग होता. खाली व्हायोलिन, वर 'जिद्द' असं शीर्षक. "तेवढं काढून टाक" हे वाक्य मात्र काढलं होतं. सभागृहात टाळ्या झाल्या, सासरची मंडळी दुसऱ्या रांगेत बसली होती, आणि काकूंनीही टाळ्या वाजवल्या. नंतर त्यांच्याशी बोलले तेव्हा म्हणाल्या, "अगं, मुलांनी एवढ्या प्रेमाने केलं, आता काय बोलायचं?"

आमच्याकडे आजवर कोणाची तक्रार आलेली नाही, असं जे मंडळाचे पदाधिकारी अभिमानाने सांगतात, त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. तक्रार येत नाही, कारण आपल्याकडे भीड असते. मुलाखत घ्यायला आलेली मुलगी अध्यक्षांची भाची असते, सांगणाऱ्यांच्या नातीला गणपतीच्या नाटकात काम मिळायचं असतं, सेक्रेटरीने मागच्या वर्षी हॉस्पिटलात डबे पोचवलेले असतात. अशा ठिकाणी समोरासमोर "नाही" म्हणायला फार मोठं काळीज लागतं. म्हणून सही मागायला ज्याने मुलाखत घेतली त्याला पाठवू नका, मंडळातल्या कोणा तिसऱ्याला पाठवा. आणि एक नियम लेखी करून ठेवा : ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही, तर ते 'नाही' असं धरायचं. आज आपण उलट करतो. मेल टाकतो, "आठवड्यात हरकत कळवली नाही तर संमती गृहीत धरू." आपल्या काका-काकूंपैकी कितीजण ती मेल उघडतात? मोठ्या अक्षरांत छापलेला कागद पोस्टाने पाठवा, नाहीतर घरी जाऊन वाचून दाखवा. वेळ लागतो, पण स्मरणिकेच्या जाहिराती गोळा करायला लागतो त्याहून कमीच लागतो.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "नाव बदलून छापू." आपला समाज एवढासा. साल, हॉस्पिटल आणि मूळ गाव एवढं सांगितलं की न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या कुठल्याही मराठी माणसाला आडनाव सांगावं लागत नाही, तो तुम्हाला त्या घरातल्या कुत्र्याचं नावही सांगेल. गोष्ट खरोखर झाकायची असेल तर या खुणा बदलाव्या लागतात. त्या बदलल्यावर गोष्टीत काही उरतं का, हे सांगणाऱ्याबरोबर बसूनच ठरवावं लागतं. संपादकाने एकट्याने ठरवू नये.

मध्येच एक रोकडा मुद्दा. आपल्या ठरलेल्या प्रश्नावलीत पहिले तीन प्रश्न बहुधा हेच असतात : जन्म कुठला, आईचं माहेर कुठलं, शाळा कोणती. बँकेत फोन केलात तर तुमची ओळख पटवण्यासाठी अशाच तऱ्हेचे प्रश्न विचारले जातात. ऐंशी वर्षांच्या माणसाचा चेहरा, आवाज आणि या प्रश्नांची उत्तरं एकाच व्हिडिओत घालून आपण तो जगासाठी खुला ठेवतो. आवाजाची हुबेहूब नक्कल करून "आजी, मी अडकलोय, पैसे पाठव" असे फोन करणाऱ्या टोळ्या आता घरगुती चर्चेचा विषय झाल्या आहेत, आणि त्यांच्या कच्च्या मालाची सोय आपणच करून देतो.

आता कायद्याकडे येते, कारण स्थलांतरिताच्या आठवणी बाकीच्या आठवणींहून इथेच वेगळ्या पडतात. आपल्या जुन्या मंडळींना जुने घोळ गंमत म्हणून सांगायची सवय आहे. अर्जात तारीख वेगळीच टाकली होती, विद्यार्थी असताना रात्री कोणाच्या हॉटेलात भांडी घासली, पाहुणा म्हणून आलो आणि राहून गेलो. पन्नास वर्षं झाली, आता कोण विचारतंय? पण नागरिकत्व खोटी माहिती देऊन मिळवलं, असा दिवाणी दावा लावायला अमेरिकेत मुदतीची अट नाही. २०१८ मध्ये न्यू जर्सीतच एका भारतीय वंशाच्या माणसाचं नागरिकत्व, वेगवेगळ्या नावांनी केलेल्या जुन्या अर्जांवरून, न्यायालयाने रद्द केलं. प्रत्येक काकांच्या मागे कोणी लागणार आहे असं मी म्हणत नाही. पण ही गोष्ट माहीत असती तर काकांनी तो किस्सा कॅमेऱ्यासमोर सांगितला असता का, हे विचारण्याची जबाबदारी आपली आहे, त्यांची नव्हे.

आणि ज्यांचे कागद अजून व्हायचे आहेत, त्यांचं काय? हल्ली 'नवी पिढी, नवे प्रवास' अशा नावाखाली एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या जोडीदारांचा आणि मुलांचा व्हिसा) वर असलेल्या मुलामुलींनाही बोलतं केलं जातं. रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीनकार्डांपैकी कुठल्याही एका देशाला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांच्या वर वाटा मिळत नाही, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाची नोकरी, बायकोचा व्हिसा, एकवीस पूर्ण होत आलेल्या मुलीचं राहणं हे सगळं एकाच धाग्याला बांधलेलं असतं. २०१५ पर्यंत एच-४ वर आलेल्या बायकांना कामच करता येत नव्हतं. त्या वर्षी काहींना परवाना मिळू लागला, तोही नवऱ्याच्या अर्जाची पायरी कितवी यावर अवलंबून. अशी एखादी मुलगी घरात बसून काढलेल्या वर्षांबद्दल, कंपनीने कसं दाबून ठेवलं त्याबद्दल मोकळेपणाने बोलते, आणि आपण ते तिच्या नावासकट टाकतो. २०१९ पासून व्हिसाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियावरची खाती लिहून द्यावी लागतात. २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना ती खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगण्यात आलं. तिने तो व्हिडिओ कौतुकाने शेअर केला असेल, तर तो अर्ज तपासणाऱ्याच्या टेबलावर पोचायला कोणा फितुराची गरज नाही. माझं स्पष्ट मत आहे की ज्याचा व्हिसा किंवा ग्रीनकार्ड लटकलेलं आहे, त्याची मुलाखत मंडळाने घ्यावी, जपून ठेवावी आणि कागद होईपर्यंत कुठेही प्रसिद्ध करू नये. त्याने स्वतः आग्रह धरला तरी एकदा वकिलाला विचारून ये म्हणावं.

यापुढचा विषय निघाला की सभेत घड्याळाकडे बघितलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जात.

"घरची पार्श्वभूमी सांगा ना," हा प्रश्न विचारणाऱ्याला साधा वाटतो. उत्तर देणाऱ्याला तो नेहमीच साधा नसतो. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलो, एवढं कोणी म्हणालं की ऐकणारा मराठी माणूस मनात लगेच हिशेब मांडतो, बरोबर असो की चूक. इथे येताना आडनाव बदललेले, किंवा वडिलांचंच नाव आडनाव म्हणून लावणारे लोक आपल्यात आहेत. कोणी मुलांना अजून सांगितलेलं नाही. कोणाच्या ऑफिसात वरिष्ठ भारतीय आहे आणि "तुम्ही कुठले?" या प्रश्नाला तो वर्षानुवर्षं बगल देत आला आहे. हे काल्पनिक भय नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटलने जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घातली. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक त्याच वर्षी विधिमंडळात मंजूर झालं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने ते परत पाठवलं. दोन्ही वेळा आपल्या मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर काय भाषा वापरली गेली ते सगळ्यांनी वाचलं आहे. ती वाचलेला माणूस आपल्या कॅमेऱ्यासमोर बसतो तेव्हा तो केवढा विश्वास टाकतो आहे, याची जाणीव ठेवा. त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट परवानगीशिवाय बाहेर गेली, तर ती एकट्याची राहत नाही. त्याच्या मुलीच्या लग्नापर्यंत पोचते.

पण याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे, आणि ती मला जास्त बोचते. एका गृहस्थांना हे सगळं सांगायचंच होतं. गाव, शाळेतली वेगळी रांग, पहिली नोकरी, आणि इथे आल्यावर मंडळाच्या पहिल्याच कार्यक्रमात कोणी काय विचारलं, हे त्यांनी ठरवून, शांतपणे, नाव लावून सांगितलं. छापून आलं ते फक्त शिष्यवृत्ती, मेहनत आणि यश. मधला सगळा भाग "वाद नको" म्हणून उडवला होता, आणि त्यांना विचारलंही नव्हतं. ज्या मंडळींना कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्याशेजारी फोटो काढायला आवडतं, तीच ही मंडळी. संमती म्हणजे केवळ 'हे गाळा' म्हटल्यावर गाळणं नव्हे. 'हे राहू द्या' म्हटल्यावर ते राहू देणंही त्यातच आलं. छापायला जागा नसेल, धाडस नसेल तर सांगणाऱ्याला तसं कळवा, त्याला आपली गोष्ट परत घेऊन दुसरीकडे देता येईल.

हाच कात्री चालवण्याचा प्रकार इतरांच्याही वाट्याला येतो, फक्त तो गोड असतो. खिशात आठ डॉलर घेऊन उतरलो, इथपासून मोठ्या घरापर्यंत सगळ्यांना एकाच रस्त्याने चालवलं जातं. आठ डॉलर खरेच होते, त्या काळी परकीय चलनाचे निर्बंधच तसे होते. पण परत जायचं ठरवून तिकीट काढलेला माणूस, वडील गेले तेव्हा जाऊ न शकलेला, मुलाशी बोलणं तुटलेला, नोकरी सुटल्यावर दारूच्या नादी लागलेला, यांनी सांगितलेलं आपण 'जरा नकारात्मक' म्हणून बाजूला ठेवतो. गोष्ट कशासाठी वापरणार आणि तिला काय मथळा देणार, हेही सांगणाऱ्याला आधी दाखवलं पाहिजे. देणग्यांच्या रात्रभोजनात मोठ्या पडद्यावर दाखवायला संमती देणं वेगळं, आणि नातवंडांना ऐकायला म्हणून बोलणं वेगळं.

मार खाल्लेल्या बायकांच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. १९८५ पासून न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था अशा दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते आहे, न्यूयॉर्कमध्ये 'सखी' आहे. त्या क्षेत्रातली माणसं पत्ता, गाव, मुलाची शाळा यातलं काहीही बाहेर जाऊ देत नाहीत, आणि त्याला कारणं आहेत. अशी बाई आपणहून बोलायला आली तर आधी या कामातल्या माणसाशी तिची गाठ घालून द्या. 'प्रेरणादायी प्रवास' या सदरात तिला बसवू नका.

वचन देतानाही जपून द्या. बोस्टन कॉलेजने २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडच्या संघर्षातल्या दोन्ही बाजूंच्या माजी सशस्त्र लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. तुम्ही जिवंत असेपर्यंत हे बाहेर येणार नाही, असं त्यांना सांगितलं होतं. २०११ मध्ये तिथल्या पोलिसांच्या वतीने अमेरिकेतच समन्स आलं, न्यायालयात लढाई झाली, आणि काही ध्वनिफिती द्याव्या लागल्या. पुढे अटका झाल्या. विद्यापीठाने अखेर उरलेल्या मुलाखती ज्याच्या त्याला परत देऊ केल्या. वकिलांची फौज असलेल्या विद्यापीठाची ही गत. आपल्याकडे तर खजिनदारच वकील, हिशेबनीस आणि ध्वनिव्यवस्थापक असतो. तेव्हा "हे कधीच कोणाला कळणार नाही" असं कोणालाही सांगू नका. जे कोर्टाने मागितलं तर द्यावं लागेल ते ठेवू नका, आणि शक्य तर टेपवर घेऊच नका. "थांबवा" असं म्हटल्यावर यंत्र खरोखर बंद झालं पाहिजे, आणि ते बंद झालेलं सांगणाऱ्याला दिसलं पाहिजे. रेकॉर्डर त्याच्या हाताशी ठेवा म्हणजे हा प्रश्नच मिटेल.

आता एक अगदी साधा प्रश्न, ज्याचं उत्तर बहुतेक मंडळांना देता येणार नाही : तुमच्याकडची जुनी रेकॉर्डिंग आज कोणाच्या ताब्यात आहेत? कार्यकारिणी वर्ष-दोन वर्षांनी बदलते. गूगल ड्राइव्ह त्या वेळच्या सेक्रेटरीच्या खासगी खात्यावर असतो, ती आता टेक्ससला गेलेली असते. मूळ फायली कोणाच्या तरी तळघरात पेन ड्राइव्हवर, दिवाळीच्या आकाशकंदिलांच्या खोक्यात. लिंक 'ज्याच्याकडे लिंक त्याला दिसेल' अशी उघडी. आणि हल्ली भर म्हणून, उतरवण्याचा कंटाळा म्हणून, पूर्ण रेकॉर्डिंग कुठल्यातरी फुकट एआय सेवेवर चढवलं जातं. त्या सेवेच्या अटी कोणी वाचलेल्या नसतात, ते आवाज पुढे कशाला वापरले जातील ते कोणाला माहीत नसतं, आणि हाती येणारं मराठी असं असतं की 'सासूबाई'चं काय झालंय ते बघून हसावं की रडावं कळत नाही. यंत्र वापरू नका असं मी म्हणत नाही. सांगणाऱ्याला विचारून वापरा, आणि त्याने नको म्हटलं तर बसा आणि हाताने उतरवा. मी करून देईन.

संमती मागे घेता आली पाहिजे. युरोपात २०१८ पासून आणि भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही तत्त्व एकच आहे की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं. हे कायदे इथल्या मंडळांना कितपत लागू होतात हे वकिलांनी बघावं. तत्त्व घ्यायला कोणाची हरकत नसावी. त्यासाठी मंडळाचा एक कायमचा पत्ता हवा, कोणा व्यक्तीचा नको. माणूस गेल्यावर कोणाला विचारायचं तेही त्याच्याकडूनच लिहून घ्या. मुलगा म्हणेल टाका, मुलगी म्हणेल नको, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या आईच्या वतीने दोघंही सही करायला तयार असतील. ती भांडणं मंडळाने आपल्या अंगणात का आणावीत?

"एवढं सगळं केलं तर कोणी बोलणारच नाही," असं मला नेहमी ऐकवलं जातं. माझा अनुभव नेमका उलटा आहे. छापण्याआधी आपल्याला वाचायला मिळणार आहे आणि खोडता येणार आहे, हे कळलं की माणूस सैल होतो. नाहीतर तो पहिल्यापासून हातचं राखून बोलतो, आणि तुम्हाला तीच आठ डॉलरची गोष्ट परत मिळते. वाचायला दिल्यावर फार थोडे लोक मोठा भाग काढायला लावतात. बहुतेक जण एखादं नाव खोडतात, एखाद्या नणंदेला सौम्य करतात, आणि समासात आणखी दोन पानं लिहून देतात. ती समासातली पानं अनेकदा मुलाखतीहून सरस असतात.

कागद कसा असावा, म्हणून माझ्याकडचा मसुदा खाली देते. मराठीतच ठेवला आहे. इंग्रजी प्रत मागून जोडता येईल.

"माझी मुलाखत उतरवलेली मी वाचली आहे / मला वाचून दाखवली आहे. त्यातला खूण केलेला भाग कोणीही वापरू नये व रेकॉर्डिंगमधूनही काढावा. उरलेला भाग (१) फक्त माझ्या कुटुंबाला द्यावा, (२) मंडळाच्या संग्रहात ठेवावा व तिथे येऊन ऐकू द्यावा, (३) माझ्या मृत्यूनंतर किंवा ______ सालानंतर प्रसिद्ध करावा, (४) आता प्रसिद्ध करावा. नाव घालावं / घालू नये. चेहरा दाखवावा / दाखवू नये. एआय सेवेवर चढवावं / चढवू नये. हे मी कधीही बदलू शकतो / शकते, कारण सांगावं लागणार नाही. माझ्यामागे निर्णय ______ यांनी घ्यावा."

हा मसुदा कोणीही घ्यावा, बदलावा, आपल्या राज्यातल्या वकिलाला दाखवावा. माझं नाव घालायची गरज नाही. फक्त सुरुवात नव्या मुलाखतींपासून करू नका. ज्यांच्या सह्या आधीच घेऊन ठेवल्या आहेत आणि ज्यांचे व्हिडिओ आज तुमच्या चॅनेलवर आहेत, त्यांची यादी काढा आणि एकेकाला फोन करा. ही मंडळी ऐंशीच्या पुढची आहेत. पुढच्या वार्षिक सभेत विषय घेऊ, असं म्हणून चालणार नाही.

आपली,
एक सभासद,
न्यू जर्सी